खालच्या कोपऱ्यातला चौकोन

ही हकीकत माझ्या वहिनीची आहे. मी पदरचं काही घातलेलं नाही. वहिनी आयुष्यात खोटं बोलली असेल तर ती फक्त स्वतःच्या वयाबद्दल.

हे घडलं भर दुपारी. वार बुधवार, वेळ अडीचची, जागा लाँड्रीच्या वरची लांबट खोली.

दर बुधवारी तीन वाजता तिथे सात-आठ बायका पांघरुणं विणायला जमत. ती विकायची नव्हती. गावाच्या टोकाला एक आसऱ्याचं घर होतं. मोठ्या धक्क्यातून वाचलेली माणसं तिथे राहत. कोणी आगीतून, कोणी अपघातातून, कोणी नवऱ्याच्या मारातून. त्यांना रात्री डोळा लागत नसे. म्हणून तिथली नर्सबाई दुपारी पडदे ओढून त्यांना निजवायची. अंगावर हाताने विणलेलं, जरा जड पांघरूण असलं की माणूस लवकर शांत होतो, असं ती सांगे.

प्रत्येकीने घरूनही लोकरीचे चौकोन विणून आणायचे. त्रेसष्ट झाले की वहिनी ते एकमेकांना जोडायची. जोडणारी तीच, आणि पांघरुणांच्या कपाटाची किल्लीही तिच्याच कमरेला.

कोणता चौकोन कोणाचा, हे ती डोळे मिटून सांगे. मास्तरीणबाईंचा टाका घट्ट. शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी यांचे टाके अजून रांगेत उभे, असं म्हणून वहिनी त्यांना चिडवायची. त्या म्हणायच्या, तुमची जीभ जरा अशी रांगेत उभी करा.

त्या बुधवारी वहिनी लवकर पोहोचली. तयार पांघरूण घडी करायला घेतलं आणि हात थांबला.

डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातला चौकोन...

तो तिने जोडलेला नव्हता.

रंग तोच, लोकर तीच. पण हात अनोळखी होता. टाके इतके आवळलेले की बोट आत जाईना. आणि दर पाचव्या ओळीत एक टाका एकदम सैल.

जणू विणणारी दर थोड्या वेळाने थांबून कानोसा घेत होती.

वहिनीने कोणाला काही सांगितलं नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने मनाशी पक्कं केलं. आणि संशय गेला तो नवीवर.

नवी म्हणजे सगळ्यात शेवटी आलेली बाई. आसऱ्याच्या घरात वर्षभर राहून आता जवळच एका खोलीत एकटी राहत होती. बोलायची मोजकं. बसायची ती नेहमी दाराकडे तोंड करून. नर्सबाईने तिला वहिनीच्या हवाली करताना बजावलं होतं, आठवड्यातून एवढ्याच एका दिवशी ही घराबाहेर पडते. हे सुटलं तर पुन्हा दार लावून बसेल, मग तिला बाहेर काढणं माझ्याही हातात नाही.

वहिनीला हे ठाऊक होतं. तरी तिने नवीवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. मुद्दाम आपल्यासमोर विणायला बसवलं. नवीचा टाका मऊ होता, सगळीकडे सारखा.

वहिनी मनात म्हणाली, हात लपवता येतो.

पुढच्या बुधवारी ती दोन वाजताच गेली. लाँड्रीवाला म्हणाला, वर कोणीतरी आधीच गेलंय.

कपाट सताड उघडं होतं. नवी जमिनीवर बसली होती. मांडीवर तेच पांघरूण, हातात सुई. ती खालच्या कोपऱ्यातला चौकोन उसवत होती.

"किल्ली कुठून आणलीस?" वहिनीने विचारलं.

"किल्ली नाहीये माझ्याकडे, ताई. मला कपाट दर वेळी उघडंच सापडतं."

"आणि आमच्या कामाची नासधूस का करतेस?"

नवीने मान वर केली नाही. म्हणाली, "हे तुमचं काम नाही. तिचं आहे. मी उसवून त्या जागी माझा चौकोन लावते."

मग तिने तुटक तुटक सांगितलं. आसऱ्याच्या घरात तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. दिवसभर विणत बसायची. नवरा शोधत येईल या भीतीने दर थोड्या वेळाने थांबायची, जिन्यावर पाऊल वाजतंय का ऐकायची, पुन्हा विणायची. तो कधी आला नाही. पण ती कधी निजलीही नाही. एका दुपारी बसल्या बसल्याच गेली. मांडीवर अर्धं पांघरूण तसंच राहिलं.

ते अर्धं पांघरूण वहिनीला आठवलं. सहा महिन्यांपूर्वी नर्सबाईने पिशवीतून पाठवलं होतं. चांगली लोकर वाया कशाला घालवायची, म्हणून वहिनीने स्वतः ते उसवलं होतं. गुंडे करून सगळ्यांना वाटले होते.

आठवलं, तशी ती जास्तच चिडली.

ती नवीला म्हणाली, मेलेल्या बाईच्या नावावर स्वतःचे उद्योग खपवू नकोस. उद्यापासून इकडे फिरकायचं नाही. नवीने सुई खाली ठेवली, चपला घातल्या आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं वहिनी आजही म्हणते.

ते पांघरूण तसंच, अर्धवट उसवलेला कोपरा पुन्हा पक्का करून, आसऱ्याच्या घरी गेलं.

पुढच्या बुधवारी वहिनीने स्वतः कुलूप तपासलं. बंद होतं. स्वतः किल्ली फिरवली. आत एकच नवं पांघरूण होतं. ते तिने आदल्या आठवड्यात, नवी गेल्यानंतर, स्वतःच्या हाताने जोडून ठेवलं होतं.

तिने खालचा कोपरा चाचपला.

आवळलेले टाके... एक, दोन, तीन, चार...

आणि पाचव्या ओळीत सैल.

ती तिथेच बसली. मास्तरीणबाई आल्या तेव्हा तिने नुसता तो कोपरा पुढे केला. त्यांनी चौकोन हातात घेतला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

त्याच संध्याकाळी नर्सबाईचा फोन आला. आगीतून वाचलेल्या एका बाईला मागच्या आठवड्याचं पांघरूण दिलं होतं. आधी ती दुपारी तासभर तरी निजायची. आता डोळ्याला डोळा लागत नाही. पांघरूण गुडघ्यावर घेऊन उठून बसते. काय होतंय विचारलं तर बोट ओठावर ठेवते.

नर्सबाई म्हणाली, "वहिनी, ती सारखी जिन्याकडे बघते. तिला तर जिन्याची कधीच भीती नव्हती."

दुसऱ्याच दिवशी वहिनी जाऊन ते पांघरूण परत घेऊन आली. तिथून थेट नवीच्या खोलीवर गेली.

दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. वहिनी दाराबाहेरच बसली आणि म्हणाली, माझं चुकलं. दुसरं काही तिला सुचलं नाही. दार बोटभर उघडलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

आत खाटेखाली एक टोपली होती. तिच्यात लोकरीचे छोटे छोटे गुंडे. आजवर उसवलेल्या प्रत्येक चौकोनाचा एक.

"हे टाकून का नाही दिलंस?" वहिनीने विचारलं.

"कुठे टाकू? जिथे जाईल तिथे कोणाची तरी झोप उडवेल." नवीने टोपली पायाने आत सरकवली. "मला तशीही येत नाही. म्हणून माझ्यापाशी ठेवलंय."

वहिनीने आपल्या पिशवीत मोजून अर्धे गुंडे भरले. नवी नको नको म्हणत होती, पण वहिनी एकदा हट्टाला पेटली की देवाचंही ऐकत नाही.

बुधवारी नवी परत आली. आता दोघी मिळून तीन वाजायच्या आत कोपरा उसवतात. लोकर अर्धी अर्धी वाटून घेतात. आसऱ्याच्या घरातल्या त्या बाईला दुसरं पांघरूण दिलं. ती निजते.

चौकोन अजून येतात. का येतात, किती दिवस येणार, कोणाला ठाऊक नाही. कपाट बदलून पाहिलं. उपयोग झाला नाही.

दादा गेल्यापासून वहिनी आमच्याकडेच राहते. दुपारी मी समोरच्या खाटेवर आडवा होतो. पूर्वी माझ्याआधी तिचं घोरणं सुरू व्हायचं. आता ती भिंतीला टेकून ताठ बसलेली असते.

परवा मी विचारलं, कोणाची वाट बघतेस?

तिने बोट ओठावर ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "भाऊजी, जिन्यावर कोणीतरी आहे."

मीही कान दिला...

आमचं घर जमिनीलगतचं आहे. त्याला जिना नाही.