डाव्या हाताची विचारपूस

मिकेसचा डावा हात अर्धा मेलेला होता. दोन वर्षांपूर्वी तो खोल पाण्यातून घाईघाईनं वर आला, रक्तात बुडबुडे झाले, जीव वाचला आणि तीन बोटं गेली. गेली म्हणजे होती जागेवरच, हलायचीही. पण करंगळी, अनामिका आणि मधलं बोट, यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. कॉफीचं तापलेलं भांडं धरलं तरी कातडी करपल्याचा वास आल्यावर त्याचं लक्ष जायचं.

कालिम्नोस बेटावर याचं कुणाला फारसं नवल नाही. समुद्राच्या तळाशी वाढणारे स्पंज काढणाऱ्यांचं गाव ते. बंदरावर कॉफी पीत बसलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या मांडीला काठी टेकलेली असते. डॉक्टरनं पाण्यात उतरणं बंद कर म्हणून बजावलं, तर मिकेस हसला.

"मग स्पंज काय डॉक्टर काढणार?"

"मी येते बरोबर," त्याची बायको थेमेलिना म्हणाली. "एकट्याला सोडायची नाही तुला. मेल्या, नेमका इस्टरला मरशील आणि माझा सण बुडवशील."

पाण्याखाली तोंडात हवेची नळी, म्हणजे सगळं बोलणं हातांनी. कान दुखला तर पंजा डोलवायचा आणि कानाला बोट लावायचं. हवा संपत आली तर मूठ छातीशी. पण बधिरपणाला खूण कुठली आणणार? ज्याला बधिर होतंय त्याला ते वेळेवर कळलं तर ना! म्हणून थेमेलिनानं स्वतःच एक रीत बसवली. मधूनमधून ती त्याच्या डाव्या हाताचं एकेक बोट दाबायची; जे कळेल तेच बोट त्यानं उजव्या हाताचं वर करायचं. तर्जनी किंवा अंगठा गप्प राहिला की तडक वर. सुरुवात मात्र ती नेहमी करंगळीपासून करायची. कधीतरी कळेल, एवढीच आशा.

त्या दिवशी दुपारी ते कड्याखाली उतरले. ऊन खालपर्यंत पोचत होतं, पण निळं आणि थंड होऊन. तिनं करंगळी दाबली. काही नाही. अनामिका, मधलं. काही नाही. तर्जनी दाबली, त्याची तर्जनी वर झाली. अंगठाही झाला. बरं, म्हणून ती वळली आणि स्पंज कापायला लागली. गाळ उठला.

गाळ बसला तेव्हा मिकेस दोन हात अंतरावर गुडघे टेकून बसलेला दिसला. समोर खडकात एक काळी फट होती आणि त्याचा डावा हात कोपरापर्यंत आत होता. उजवा हात त्यानं वर धरला होता. अंगठा उठला. थोड्या वेळानं तर्जनी. मग मधलं बोट, अनामिका... मग करंगळी.

थेमेलिनाच्या एका हातात सुरी होती, दुसऱ्यात जाळी.

तिनं त्याला हलवलं, अंगठा उभा करून वर चल म्हणाली. तो वळला. काचेआड डोळे हसत होते. फटीतून हात काढून त्यानं डाव्या अंगठ्याला एकेक बोट टेकवून दाखवलं. करंगळीसुद्धा. आणि हात पुन्हा आत घालायला लागला. तेव्हा तिनं त्याला पट्ट्याला धरून ओढलं आणि थेट वर आणलं. वाटेत थांबायचं असतं, ते ती थांबली नाही.

बोटीवर लाझारोस काका होते. तेही जुने पाणबुडे, एक पाय ओढत चालणारे.

"एवढी घाई? मागे कोण लागलं होतं काय?"

मिकेस बायकोकडे बघत होता. "थेमे, आज अंगठ्यापासून का सुरुवात केलीस?"

"मी... दाबलंच नाही."

"चेष्टा पुरे. सगळी बोटं कळली मला. ऊब लागत होती गं..."

तिनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि करंगळी कचकचून दाबली. तो समुद्राकडे बघत राहिला. तिनं करंगळी धरलीय हेही त्याला कळलं नव्हतं.

काकांनी दोर खाली ठेवला. "पोरा, विचारणाऱ्याचं तोंड दिसत नसेल तर खाली उत्तर द्यायचं नसतं."

"हात परत मिळत असता तर तुम्ही दिलं नसतं, काका?"

"माझ्या पायाला विचारलं होतं," काका म्हणाले. "मी नाही दिलं."

रात्री तिनं त्याला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्यानं घेतली. डावा हात ठेवून घेतली, हे तिच्या नंतर लक्षात आलं. सकाळी तिला जाग आली तेव्हा बिछाना रिकामा होता आणि तिचा स्वतःचा डावा हात अंगाखाली दबून मुंग्या आल्यासारखा झाला होता.

दुपारच्या आत गावातल्या पाणबुड्यांनी त्याला वर आणलं. पाठीवरची हवेची टाकी रिकामी होती. फटीसमोर गुडघ्यांवर बसलेला होता म्हणे, उजव्या हाताची पाचही बोटं उघडी. डावा हात सोडवायला दोघांना जोर लावावा लागला. खडकात अडकला असेल, असं ते म्हणाले.

थेमेलिना रडली नाही. बायका म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. तिनं ऐकून घेतलं, जणू शेजारणीबद्दल चाललंय. हाताच्या मुंग्या गेल्या आणि पंजा पार बधिर झाला. घाईनं वर आलात, डॉक्टर म्हणाला. हो, ती म्हणाली.

मिकेसच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी ती नणंदेबरोबर प्रसादाच्या उकडलेल्या गव्हात साखर आणि डाळिंबाचे दाणे कालवत होती. डावा हात मांडीवर, फडक्याखाली. रोज ती तो असाच ठेवायची. मिकेस आला तर करंगळीपासून दाबेल, त्याला रीत ठाऊक होती. तिला दुसरं काही नको होतं.

"वहिनी, एका हातानं कशाला? ठेव, मी बघते," कालोतिना म्हणाली.

तेवढ्यात दाबलं गेलं. ऊबदार, स्पष्ट.

"मिके...?"

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

अंगठा होता तो. अंगठा.

तिला काकांचं बोलणं आठवलं. उत्तर द्यायचं नाही, तिनं मनाशी पक्कं केलं आणि दात आवळून बसली. मग तर्जनी दाबली गेली.

"अगं वहिनी, असा हात वर धरून काय बसलीस? साखर सांडतेय सगळी."

थेमेलिनानं वर बघितलं. तिचा उजवा हात हवेत होता. साखरेनं माखलेला अंगठा आणि तर्जनी ताठ उभी. तिनं तो खाली घ्यायचा प्रयत्न केला.

फडक्याखाली, हळूच, मधलं बोट दाबलं गेलं.