उलटा बाण

रेल्वेडब्याखालच्या तुळईचा छेद पडद्यावर उमटला आणि डॉ. निरुपमा घैसास यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोलादात केसासारखी बारीक चीर होती. चीर असायला हरकत नव्हती, पण ती एव्हाना बुजायला हवी होती.

"मुजावरसाहेब, हे स्वयंसांधी पोलाद ना? चीर पडली की आपली आपण सांधते, असं बारा वर्षांपूर्वी तुम्हीच सांगितलं होतंत."

धातुशास्त्रज्ञ इरफान मुजावर चष्मा पुसत म्हणाले, "सांधतेच, पण भार हलका झाल्यावर. मोडलेला पाय टेकवत राहिलं तर हाड जुळेल का? तसंच हे. दोन-तीन वर्षं कमी भार मिळाला, की अणू सरकतात आणि चीर मिटते. विसावा मिळालाच नाही, तर ती वाढत जाते."

"गाडी कधी भरलेली, कधी रिकामी. विसावा मिळतोच की."

"पुरेसा नाही. शयनयानात वाटेच्या एका बाजूला सहा बर्थ, दुसऱ्या बाजूला दोन. डब्याखाली चाकं धरणारा जो सांगाडा, त्या चाकगाड्याला दोन अंगांना दोन तुळया. सहा बर्थांकडची तुळई जन्मभर राबते. प्रयोगशाळेत आपण भार आलटूनपालटून दिला होता, निरुपमाबाई. चूक आपली."

राष्ट्रीय डबा-नियोजनाच्या प्रमुख निरुपमाबाईच होत्या. या पोलादाच्या भरवशावर त्यांनी अकरा हजार डबे बदलण्याचं काम चाळीस वर्षांवर पसरवलं होतं. कारखान्यांची ताकदही त्याच हिशेबानं वर्षाला तीनशे डब्यांची ठेवली होती. आता ते सगळे डबे चार वर्षांत बाद होणार होते. उद्या मंत्रिगटापुढे त्यांना सांगावं लागणार होतं, की लांब पल्ल्याच्या निम्म्या गाड्या थांबवा. न सांगावं, तर एखाद्या दिवशी भरल्या गाडीखाली तुळई तुटणार.

"हा नमुना हिवरपूर कार्यशाळेचा," मुजावर म्हणाले. "तुम्ही आदर्श म्हणून ढाल दिलीत, तीच. आता हा बघा. रेवळीचा, तेवढाच चाललेला."

पडद्यावर दोन्ही तुळया दिसल्या. चिरांच्या जागी बुजलेल्या जखमेसारखे पुसट वण होते. मुजावरांनी तीनदा तपासून पाहिलं. रेवळी म्हणजे निरुपमाबाईंच्या यादीतली सगळ्यात ढिसाळ कार्यशाळा!

दुपारी त्या रेवळीच्या शेडमध्ये उभ्या होत्या. मुख्य मिस्त्री हणमंत पोळ यांना निवृत्तीला चार महिने उरले होते. मुख्य कार्यालयाची गाडी दिसल्यापासून त्यांच्या कपाळावरचा घाम आटत नव्हता.

"मिस्त्री, तुम्ही वेगळं काय करता?"

"काही नाही मॅडम. सगळं परिपत्रकाप्रमाणं."

एवढ्यात समोर एक दुरुस्त चाकगाडा डब्याखाली सरकला. गाड्यावर पिवळा बाण होता, डब्यावरही होता. दोन बाण एकमेकांकडे पाठ करून उभे. बाणाला बाण जुळवूनच गाडा बसवावा, हे बारा वर्षांपूर्वीचं परिपत्रक खुद्द निरुपमाबाईंचं. रेवळीहून दरवर्षी उत्तर यायचं: अंमलबजावणी झाली.

मिस्त्रींनी मान खाली घातली. "खोटं नाही बोलत आता. दुरुस्त गाडा आम्ही पूर्वेच्या दारानंच काढतो. पश्चिमेनं काढला तर पुन्हा माघारी येत नाही, असं जुनी माणसं सांगून गेलीत. दारात नारळ फोडायचा, मग शेडला वळसा घालून पश्चिमेला डब्याखाली आणायचा. त्या वळशात त्याचं तोंड फिरतं. पुन्हा सरळ करायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून तसाच बसवतो. तीन वर्षांनी दुरुस्तीला आला, की पुन्हा फिरतो."

"म्हणजे सहा बर्थांखालची तुळई दोन बर्थांखाली येते! दर तीन वर्षांनी एकीला विसावा!"

त्यांनी तिथूनच मुजावरांना फोन लावला. "हिवरपूरच्या चिरा अजून बुजतील?"

"आत्ता गाडे फिरवलेत तर हो. चार वर्षं हातात आहेत."

निरुपमाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या एका चाकावरच टेकल्या, हसू लागल्या आणि हसता हसता रडल्या. मिस्त्री पाण्याचा तांब्या घेऊन धावले. आपलं परिपत्रक सतरा कार्यशाळांनी इमानेइतबारे पाळलं, म्हणून देशावर ही पाळी आली होती. अठरावीनंही पाळलं असतं, तर उपाय दिसलाच नसता. असल्या बेशिस्तीला काय ढाल द्यावी!

त्यांनी तिथेच नवा आदेश लिहिला: 'यापुढे बाण उलटे ठेवावेत.' मिस्त्रींनी तो वाचून डोकं खाजवलं.

"मॅडम, लहान तोंडी मोठा घास घेतो. हिवरपूरचे लोक लई शिस्तीचे. बाण एकदा उलटा करतील आन् मग जन्मभर उलटाच ठेवतील. चीर ह्या अंगाची त्या अंगाला जाईल."

निरुपमाबाईंनी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: 'बाणांकडे लक्ष देऊ नये. गाडा ज्या तोंडानं निघाला, त्याच्या उलट्या तोंडानं बसवावा. दर दुरुस्तीला.'

"हे पाळाल?"

"पाळतोच आहे की!" मिस्त्रींनी खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे उत्तर लिहून दिलं. वाक्य नेहमीचंच होतं: अंमलबजावणी झाली. बारा वर्षांत रेवळीहून गेलेला तो पहिला खरा अहवाल.