नमुन्याचं काम

सांगलीत विश्रामबागेला वीरधवलचा डिजिटल स्टुडिओ होता. टेबलं पाच आणि माणसं दोन, तो आणि रेश्मा. उरलेली टेबलं भरायची म्हणून वर्षभर फ्रंट-एंड डेव्हलपरची, म्हणजे वेबसाइटचा दर्शनी भाग बांधणाऱ्याची, जाहिरात चालू होती. मुलाखतीला येईल त्याला वीरधवल नमुन्याचं काम करून आणायला सांगे. नमुना कसला, चालू गिऱ्हाइकाचंच काम ते. आलेलं पान गोड बोलून ठेवून घ्यायचं, 'कळवतो' म्हणायचं आणि कळवायचं नाही. सगळेच असं करतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

कडेगावच्या शिवांजलीनं तासगावच्या नानासो बेदाणेवाल्यांसाठी केलेलं पान तर नुसतं बघत राहावं असं होतं. स्क्रीनवर बोट फिरवलं की शेडमधल्या जाळीवरची हिरवी द्राक्षं हळूहळू सुकत जात. "शिकून घरी बसलीय म्हणून लोकं बोलत्यात, सर," ती जाताना म्हणाली होती. "एवढं काम द्याच." तिलाही त्यानं 'कळवतो' म्हटलं. पान कालच नानासोंच्या साइटवर चढलं.

आज दुपारी नानासो स्वतः आले, काखेत बेदाण्याची पेटी घेऊन. दारातच थबकले.

"लय पोरं ठेवलीयासा की, वीरधवलराव."

चेष्टा असेल म्हणून वीरधवल हसला. नानासोंनी पेटी फोडली, रेश्माच्या ओंजळीत बेदाणे घातले आणि रिकाम्या टेबलांकडे वळले. एकेका टेबलावर मूठ मूठ ठेवत गेले. "घे रं, लाजू नगंस," असं खुर्च्यांना सांगत गेले. खिडकीजवळच्या खुर्चीपाशी जरा वाकले.

"माझं पान हिनंच केलंय न्हवं?"

वीरधवलनं रेश्माकडे पाहिलं. रेश्मा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं.

"व्हय," तो म्हणाला.

"मग खाली हिचं नाव टाका. आन उन्हात का बसवलीया? मान बी वर करंना पोरगी."

नानासो गेले. वीरधवलला रेश्माकडे बघवेना. इतकी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. रिकाम्या टेबलांवर बेदाण्यांच्या काड्या तेवढ्या उरल्या होत्या.

त्यानं शिवांजलीला फोन लावला.

"चुकलं माझं. तुझं पान मी ढापलं. उद्यापासून कामावर ये."



"नोकरी नको, सर. पान दिल्यापासनं दुपारी डोळा लागला की मी तिथंच बसलेली असते. खिडकीपाशी. उठताच येत न्हाई."

"मग मी काय करू?"

"माझी खुर्ची मागं ओढा. तेवढंच करा."

फोन कानाला धरूनच वीरधवलनं खुर्चीच्या पाठीला हात घातला. चाकांची खुर्ची, एरवी बोटानं सरकायची.

ती हलली नाही.

त्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. रेश्मा उठून मदतीला आली.

फोनमधून शिवांजलीचा आवाज आला, "हळू, सर. दुखतंय."