निळ्या बादलीचा अर्थ

माझी गाडी चिखलात रुतली ती एका बादलीपायी. आमच्या व्हरमाँटमध्ये, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मार्च संपता संपता बर्फ वितळतं आणि कच्च्या रस्त्यांची खीर होते. तेव्हा शहाणं माणूस टेकडीवर जात नाही. मी गेले. पंचवीस निबंध तपासून माझं डोकं उठलं होतं. एकोणीस मुलांनी लिहिलं होतं, 'निळा रंग म्हणजे दुःख.' नऊ वर्षं घसा कोरडा करून सांगतेय की बाबांनो, निळा म्हणजे क्षमा... पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हटलं, एकदा त्या गोष्टीतलं झाड तरी डोळ्यांनी बघून यावं.

गोष्ट आमच्याच गावच्या ल्युसिंडा फार्नमने लिहिलेली. शंभरावर वर्षांपूर्वीची, दहा पानांची, शाळेत सक्तीची. एका विधवेच्या मेपलच्या झाडांना टांगलेल्या बादल्यांतला, पाक करायचा गोड रस पहाटे कोणीतरी चोरतं. ती लपून बघते, तर चोर शेजारीच निघतो. घरात बायको आजारी, पोरं उपाशी. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत तिला विचारतात, 'कोणाला पाहिलंस?' जन्मात कधी खोटं न बोललेली ती बाई म्हणते, 'नाही.' आणि घरी येऊन बांधावरच्या झाडाला त्याच्यासाठी एक निळी बादली टांगते. संपली गोष्ट. बादली निळीच का, यात माझी नऊ वर्षं गेली.

"चाक फिरवू नका, बाई. जितकं फिरवाल तितक्या आत जाल."

ट्रॅक्टरवर एक माणूस होता. लोकरी टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डोळ्यांत हसू. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. हा ऑरिन थॅचर. बांध त्याचा, झाडही त्याचं. पाक जरासा लागला तर बाटलीवर स्वतःच्या हाताने 'करपलेला' असं लिहून विकणारा माणूस, अशी त्याची गावात ख्याती.

"बादली बघायला ना?" साखळी अडकवत तो म्हणाला. "दरवर्षी पाच-सहा जण रुततात."

"मी ती गोष्ट शिकवते. ती बादली प्रतीक आहे. सत्य आणि दया यांच्या कात्रीत सापडलेली ती बाई—"

"बादली म्हणजे बादली, बाई. तिच्यात रस पडतो."

असा संताप आला... घरी जाईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात सतरा उत्तरं दिली. ती तोंडावर द्यायला पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. आणि त्याच्या पुढच्याही.

तो गुऱ्हाळात असायचा. आमच्याकडे उसाचं नाही, मेपलचं गुऱ्हाळ. चुलाण धडधडतंय, काहिलीतून गोड वाफ उठतेय, आणि ऑरिन झाऱ्याने फेस काढतोय. मी गेले की तो सावलीत उरलेल्या बर्फावर कढत पाक ओतायचा. त्याची तार व्हायची, ती काट्याला गुंडाळून खायची आणि वर व्हिनेगरमधली आंबट काकडी.

"आधी गोड, मग आंबट, मग परत गोड. नाहीतर जीभ कंटाळते," तो म्हणाला.

"म्हणजे याचा अर्थ असा की—"

"याचा अर्थ, काकडी खा."

"तुला कशातच अर्थ कसा दिसत नाही रे?" मी वैतागून विचारलं. आम्ही एकमेकांना अरे-तुरे कधी करू लागलो, ते कळलंच नव्हतं.

"दिसतो की. एका गोष्टीत दिसतो."

"कोणत्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. वाफेने माझा चष्मा धुरकटला होता, तरी मला ते दिसलं.

"काहील उतू जातेय," तो म्हणाला आणि लोण्याचा गोळा टाकायला वळला. फेस खाली बसला. माझा राग नाही बसला.

त्यातच वाचनालयाच्या मिसेस व्हिटकोमनी पितळेची पाटी करवून आणली. 'निळा हा क्षमेचा रंग', आणि खाली माझं नाव, लोरेन गॅग्नन. रविवारी चर्चच्या सभागृहात दरवर्षीचं पाक-बर्फाचं जेवण, माझं भाषण, आणि मग पाटी बांधावर. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझं ऐकलं म्हणून मी हवेत होते. धावत ऑरिनला सांगायला गेले.

त्याने झारा बाजूला ठेवला. मग फडताळातून एक कागद काढून त्याने माझ्यापुढे धरला. "या हिवाळ्यात माळा आवरताना सापडलं. ल्युसिंडाने माझ्या पणजीला लिहिलेलं पत्र."

मी वाचलं. 'संपादक विचारतात, बादली निळीच का? मी काय सांगू त्यांना, एमेलीन? खिडक्या रंगवून डब्यात तेवढाच रंग उरला होता.'

"हे तू मला आत्ता दाखवतोयस?"

"पाटी माझ्या बांधावर लागणार. माहीत असून गप्प बसणं जमेना." त्याने चुलाणाकडे मान वळवली. "आता कागद तुझा. जाळायचा तर जाळ. मी विचारणार नाही."

दाखवू नको म्हणाला असता तर भांडले असते. दाखव म्हणाला असता तरी भांडले असते. हा माणूस धड भांडूही देत नाही. तीन दिवस तो कागद माझ्या कोटाच्या खिशात होता. जाळवेना आणि दाखववेनाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. भाषणाआधी मिसेस व्हिटकोम दरवर्षी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "थॅचरांकडे ल्युसिंडाचा काही कागद सापडला का?"

ऑरिन उभा राहिला. मला वाटलं, झालं. आता हा सांगणार.

"नाही," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

करपलेल्याला करपलेला म्हणणारा ऑरिन माझ्यासाठी अख्ख्या गावासमोर खोटं बोलला. नऊ वर्षं मी जो प्रसंग फळ्यावर रंगवून सांगितला, तो माझ्यापुढे चिखलाच्या बुटांत उभा होता, आणि मला रडू की ओरडू कळेना.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले आणि खिशातून कागद काढून मोठ्याने वाचला. "गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या डोरिंडाने 'रंग उरला असेल' असं लिहिलं, म्हणून मी तिला नापास केलं. तिचंच बरोबर होतं."

मी कागदाची घडी घातली. मग मागून डोरिंडाचा डोनटने भरल्या तोंडाचा आवाज आला, "मग मार्क वाढवा, बाई." सगळं सभागृह हसलं. मिसेस व्हिटकोमनी पाटी पिशवीत घातली.

बाहेर मी ऑरिनला गाठलं. "का बोललास खोटं?"

"काय माहीत. निघालं तोंडातून. तुझा चेहरा बघवेना."

"त्या विधवेसारखं!"

"शिकवू नका, बाई," तो म्हणाला आणि चक्क निघून गेला. मी रात्रभर धुसफुसत होते.

सकाळी आठला दाराबाहेर खुडबुड ऐकू आली. माझ्या अंगणातल्या मेपलला ऑरिनने भोक पाडलं होतं आणि तो बादली टांगत होता. निळी.

"हे काय?"

"बादली."

"निळी का?"

"रंग उरला होता."

मी त्याच्या ट्रकमध्ये डोकावले. रंगाचा कोरा करकरीत डबा, जवळजवळ काठोकाठ भरलेला. गावातलं दुकान सातला उघडतं.

"ऑरिन, डबा भरलेला आहे."

कान पुन्हा लाल. "मग... तू सांग ना अर्थ. नऊ वर्षं शिकवतेयस."

"मुळीच नाही. या वेळी तू सांगायचास. पूर्ण वाक्यात."

त्याने टोपी काढली, परत घातली. "तू शनिवारी येतेस, तर आठवड्यातला तेवढाच दिवस मला शनिवार वाटतो... बाकीच्या दिवसांना नावच नसतं. मला तू रोज हवी आहेस, लोरेन."

इतका वैताग दिला या माणसाने, आणि आता एका दमात सगळं बोलून मोकळा. मी त्याचा हात धरला. माझ्या बाहीला ओला रंग लागला. तो डाग अजून गेलेला नाही.

"हो," मी म्हणाले.

बादलीत पहिला थेंब पडला. टप्प. त्याचा अर्थ मी त्याला विचारला नाही.