बाकीचं सकाळी

कोण हसलं रे मागं? ये, पुढं येऊन बस. दिवे गेलेत, ते आज काही यायचे नाहीत. आणि उद्यापासून तुम्ही पाचजण गळ्यात बिल्ले अडकवून पाहुण्यांना गाव दाखवत फिरणार, म्हणून सांगतो. गोष्ट कोबिना इशुनची. खाडीजवळच्या त्या चार खोल्यांच्या गेस्टहाऊसचा कोबिना, तोच. त्यानं स्वतः माझ्या बाकावर बसून मला सांगितली, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चाळीस वर्षं ट्रोट्रोच्या अड्ड्यावर माणसं कोंबून गाड्या भरतोय मी, पोरांनो. थापा मारायला मला वेळ कुठाय?

कोबिनासारखा बोलणारा घानाच्या अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता. पाहुणा आला की आधी पाणी. पाणी पिऊन झालं की "बोला, काय काम काढलंत?" आणि ते ऐकून झालं की त्याच्या त्या नऊ सूचना. सुटे पैसे जवळ ठेवा, मोठी नोट काढलीत तर ट्रोट्रोचा तिकीटवाला पोरगा सुटे देणार नाही, वर हसेल. डावा हात पुढं करू नका, देतानाही नाही नि घेतानाही नाही. म्हाताऱ्या माणसाची आधी ख्यालीखुशाली विचारा, मग रस्ता. फोटो विचारून काढा, आणि मासेवालीच्या हातात सुरा असेल तर विचारूसुद्धा नका. पाणी सीलबंद पिशवीतलंच प्या, पण दातानं कोपरा फोडायच्या आधी पिशवी पुसा. सहानंतर बाह्या खाली, आमचे डास पाहुण्यांवर फार माया करतात. मंगळवारी समुद्राला सुट्टी, होडीत बसवा म्हणून कोळ्यांच्या मागं लागू नका. केंके, तो पानात बांधलेला मक्याचा गोळा, गरम असतानाच सोडा, गार झालं तर त्यानं खिळा ठोकता येतो. झाल्या किती? आठ.

नववी तो आवाज खाली आणून सांगायचा. लाटा फुटतात तिथं पाय भिजवा. पण फुटणाऱ्या लाटांच्या मधेच जिथं पाणी गुळगुळीत, गप्प पडलेलं दिसतं, तिथं पाऊल टाकू नका. तिथून समुद्र आत परत जात असतो. आपले लोक होड्या तिथूनच बाहेर काढतात. माणूसही तसाच बाहेर जातो, फक्त परत येत नाही. बाहेरच्याला नेमकी तीच जागा बरी वाटते. हे पाठ करा रे, बाकी काही विसरलात तरी चालेल.

तर दोन वर्षांमागं, तारलीच्या हंगामात, एक मास्तर आला. आयाम्गा त्याचं नाव. पार उत्तरेतल्या बोल्गाटांगाचा, रात्रभर-दिवसभर गाडीत आखडून बसून आलेला. त्याच्या शाळेतल्या पोरांनी समुद्र कधी बघितला नव्हता. त्यानंही नव्हता. पोरांना सहलीला आणायचं, तर आधी आपण जाऊन सगळं बघून यावं, एवढंच त्याचं काम. कोबिनानं पाणी दिलं, सूचना सुरू केल्या, तसं त्यानं वही काढली आणि आकडे घालून लिहायला लागला.

"जरा सावकाश सांगा हं. पोरांना हेच वाचून दाखवायचंय मला."

"अहो मास्तर, मी काय परीक्षा घेणार आहे का?" कोबिना म्हणाला.

मास्तर हसला. आठ लिहून झाल्या, खाली नऊचा आकडा घातला, आणि बाहेर गाडीचा भोंगा वाजला. दोन परदेशी पाहुणे यायचे होते, कोबिना दुपारपासून त्यांच्यासाठी डोळे लावून बसला होता. तो उठलाच. "बाकीचं सकाळी सांगतो," म्हणाला आणि धावला. त्याला वाटलं, दमलेला मास्तर आहे, झोपेल, जातोय कुठं!

मास्तर पहाटेच उठला. चपला वाळूवर नीट जोडून ठेवल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि सगळ्या किनाऱ्यावर जिथं लाट नव्हती तिथं उतरला. पोरांना उभं करायला ही जागा बरी, असंच वाटलं असणार त्याला. तिसऱ्या दिवशी आपल्याच लोकांच्या जाळ्यात आला.

त्याचा बाप आला न्यायला. वाळकुडा म्हातारा, टोपी हातात धरून उभा. त्यानं एकच विचारलं, "त्याला सांगितलं होतंत ना तुम्ही?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलायला हवं होतं? पण माणसाची छाती होत नाही रे.

"सांगितलं होतं, बाबा," कोबिना म्हणाला. "त्यानं ऐकलं नाही."

"लहानपणापासून ऐकायचा हो तो," म्हातारा म्हणाला. मग पोराला घेऊन गेला.

तिथं तरी थांबावं की नाही? पण कोबिनाच्या जिभेला हाड नव्हतं. पुढं नवव्या सूचनेला त्यानं शेपूट जोडलं. "एक हट्टी मास्तर होता, सांगूनसुद्धा गेला आणि..." पाहुणे डोळे मोठे करून ऐकायचे. शंभरदा सांगितलं असेल त्यानं. शेवटी शेवटी त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं, असं तो मला म्हणाला. मला त्याचा राग आला. अजूनही येतो.

पुढच्या जूनमधे कुमासीचं एक जोडपं आलं, नवीन लग्न झालेलं. पाणी पिऊन झालं, कोबिनानं घसा खाकरला, तर ती मुलगी म्हणते, "काका, आम्हाला सगळं सांगून झालंय. डावा हात नाही, मंगळवारी समुद्राला सुट्टी, गार केंक्यानं खिळा ठोकता येतो."

"हे कुणी सांगितलं?"

"अड्ड्यावर एक सर होते ना, त्यांनी."

कोबिना तणतणत माझ्याकडं आला. "अड्ड्यावर कुणाला बसवलंयस माझा धंदा खायला?" अरे, अड्ड्यावर मी आणि माझी छत्री! मी त्यालाच वेड्यात काढलं. पण संध्याकाळपर्यंत आणखी तिघे तेच सांगत आले. मग एक म्हातारी. सगळ्यांना कोबिनाचीच वाक्यं पाठ, त्याच क्रमानं, त्याच कोट्यांसकट. मी दिवसभर तिथं बसलेला असतो, मला तो सर कधीच दिसला नाही.

आणि त्या कुमासीच्या जोडप्यातल्या पोरानं दुसऱ्या दिवशी गुळगुळीत पाण्यात उडी घेतली. होडीवाले जवळ होते म्हणून केसांना धरून ओढला. कोबिना त्याच्यावर ओरडला, "नववी ऐकली नाहीस?"

"नववी?" पोरगा ओकत ओकत म्हणाला. "त्यांनी आठच सांगितल्या. मग म्हणाले, बाकीचं सकाळी सांगतो."

ते शब्द कोबिनानं एकाच माणसाला म्हटले होते. त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून तो पाहुण्यांना उंबऱ्यातच आधी नववी सांगायचा, मग पाणी. शेपूट मात्र तोडलं नाही त्यानं. तोडलं असतं तर कुणी विचारलं असतं ना, का तोडलं म्हणून.

मग आली ऑगस्टची चौदा. गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ. दिवे गेलेले, आजच्यासारखेच. कोबिना दारात कंदील पुसत बसला होता आणि समोर एक बस येऊन थांबली. अडतीस पोरं उतरली. धुळीनं माखलेली, आणि एकदम गप्प. लहान पोरं इतकी गप्प नसतात. त्यांच्यासोबत एक बाई होती, पस्तिशीची, डोक्याला घट्ट फडकं बांधलेली.

पोरं पडवीत ओळीनं बसली. त्या गप्प पोरांपुढं तो उंबऱ्यातली नववी विसरलाच, बाईंच्या हातात त्यानं पाण्याचा पेला दिला. तिनं तो तोंडाला लावला नाही, मांडीवर धरून ठेवला. तरीही त्यानं विचारलं, "काय काम काढलंत, बाई?"

"पोरांना समुद्र दाखवायचाय. माझ्या भावानं शाळेला शब्द दिला होता. मी लामिसी. आयाम्गा मास्तरांची थोरली बहीण."

कोबिनानं कंदील खाली ठेवला.

"आज थकला असाल," तो कसाबसा म्हणाला. "सूचना उद्या..."

"सांगितल्या आम्हाला," पुढची एक मुलगी म्हणाली. "बसमधे."

"कुणी?"

"मागच्या बाकावर सर होते, त्यांनी. अंधार होता. आम्हाला वाटलं, तुमचेच कुणी."

"मी पुढं ड्रायव्हरजवळ होते," लामिसी म्हणाली. "माझा डोळा लागला होता. कसले सर गं?"

मुलगी म्हणायला लागली. सुटे पैसे जवळ ठेवा. मग शेजारचा मुलगा. मग त्याच्या शेजारचा. मग सगळीच. एका सुरात. शाळेत पाढे म्हणतात तसं. डावा हात. ख्यालीखुशाली. फोटो. पाणी. बाह्या. मंगळवार. केंके.

आठ.

मग थांबली.

बाहेर नुसता समुद्र वाजत होता.

"नववी काय?" मुलीनं विचारलं. "सर म्हणाले, ती तुम्हाला माहितीय."

अडतीस तोंडं त्याच्याकडं वळलेली. त्यानं नववी सांगितली. सगळी सांगितली, नीट. मग जीभ सवयीनं पुढं गेली. त्याला थांबवता आली नाही.

"एक मास्तर होता... हट्टी... सांगूनसुद्धा..."

पोरांनी माना वळवल्या.

सगळ्यांनी. एकदम. मागं, दाराकडं.

दारात कुणी नव्हतं.

पोरं बघतच राहिली. एकही जण पापणी हलवेना. सर्वांत मागचा मुलगा तर सरकून बसला... कुणाला तरी बसायला जागा करून देतात तसा.

"मी सांगितलं नाही," कोबिना म्हणाला.

पुन्हा म्हणाला. "मी त्याला नववी सांगितलीच नाही, बाई. गाडी आली म्हणून उठलो. बाकीचं सकाळी सांगतो म्हणालो. तो हट्टी नव्हता. लिहून घ्यायला बसला होता बिचारा. तुमच्या बापाला मी खोटं सांगितलं."

लामिसीनं पेला खाली ठेवला.

"बाबा मार्चमधे गेले," ती म्हणाली. "माझं पोर सांगितलेलं ऐकत नाही, असं म्हणत गेले. शेवटपर्यंत त्याचं नाव घेऊ दिलं नाही आम्हाला. घरात त्याचा फोटोसुद्धा ठेवू दिला नाही."

"बाई, मी तुमच्याकडं येतो. सगळ्यांसमोर सांगतो..."

"कुणाला सांगणार?" लामिसीनं विचारलं.

याचं उत्तर मलाही अजून सुचलेलं नाही. पोरं हळूहळू पुन्हा समोर बघायला लागली, एक रडायला लागला, आणि मग सगळी रडायला लागली, लहान पोरं रडतात तशी.

कोबिना त्या रात्री माझ्याकडं आला आणि हे सगळं ओकला. उजाडेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. साडेपाचला किनाऱ्यावरून कुणीतरी हाक मारली म्हणून गेलो. होडीवाले दोर हातात धरून नुसते उभे. एकही होडी पाण्यात नाही.

काळ्या खडकापासून खाडीच्या तोंडापर्यंत, त्या गुळगुळीत पाण्याच्या कडेकडेनं, कुंपण उभं होतं. बाजरीच्या वाळलेल्या ताटांचं. माणसाहून उंच, दाट, गवताच्या दोरीनं आवळलेलं. आपल्याकडं बाजरी पिकते का रे कुठं? मी तर इथं तिचा दाणा पेरलेला पाहिला नाही. आणि वाळूवर पाऊल म्हणून नव्हतं, एकसुद्धा.

लामिसी पोरांना घेऊन आली. तिनं दोरीची गाठ दोन बोटांत धरून पाहिली. "आमच्या अंगणाला असंच बांधतो आम्ही," एवढंच म्हणाली, आणि पोरांना घेऊन लाटा फुटत होत्या तिकडं गेली. कोबिना तिथंच मटकन खाली बसला. गेस्टहाऊस त्यानं नंतर कधी उघडलं नाही.

मी जवळ जाऊन एका ताटाला हात लावला. रात्री मोठी भरती येऊन गेली होती, शेवाळाची रेघ कुंपणाच्या पार अलीकडं, वाळूत वर चढलेली होती. ताटं कोरडी ठणठणीत होती.