चंद्रावरच्या रंभेचा पान्हा

चंद्रावर म्हैस कशी गेली, ते विचारत बसू नका. शेपटीला धरून नेली म्हणा हवं तर! पण नेली खरी. रंभा तिचं नाव. काचेच्या मोठ्या घुमटाखाली तिचा गोठा. चंद्राची ओढ पृथ्वीपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे रंभेनं जोरात शेपूट झटकलं की ती वीतभर वर उचलली जायची. आणि तिचं रेडकू? ते एका उडीत छताला टाळू आपटून, शिंकत खाली यायचं.

तर अशी ही रंभा कालपासून पान्हाच सोडत नव्हती.

रोज तिची धार काढणारी निहारा बादली घेऊन बसली होती. आंबोण (भिजवलेला पेंड-भुसा) पुढ्यात होतं, रेडकू लावून पाहिलं होतं, हातही रोजचाच. तरी धार नाही. रंभेचे कान टवकारलेले, डोळे भिरभिरते. आणि घुमटाच्या प्रमुखांनी तर सांगूनच टाकलं होतं, "दूध साचून म्हैस आजारी पडेल. संध्याकाळच्या यानानं तिला पृथ्वीवर परत धाडू."

निहारानं आचळांवरून पुन्हा एकदा हात फिरवला. "खटपट्या, काय बिघडलंय रे हिचं?"

खटपट्या म्हणजे गोठ्यातला यंत्रमानव. चार हात, आणि चारही हात कायम कशात तरी घातलेले. "मला कळत नाही," तो म्हणाला. "उलट कालपासून मी संगीतसुद्धा सुधारून दिलंय."

"ते तर झकासच आहे!" निहारा म्हणाली.

आधी गोठ्यात निहाराच्या यमूआत्याचा आवडता अल्बम लागायचा, 'ढगांची दुपार'. ना शब्द, ना ढोलताशा. सिंथेसायझरवर (विजेवर सूर काढणारं वाद्य) एक संथ ठोका आणि भोवती धुक्यासारखे सूर. निहाराला तो कंटाळवाणा वाटायचा. यात काही घडतच नाही! मग खटपट्यानं तो झाडून काढला. जे जे पुन्हा येत होतं ते ते केर समजून फेकलं, आणि उरलेलं एकापुढे एक जोडलं. आता क्षणाक्षणाला नवा आवाज! टुंग, फूस, खळ्ळ! मग यात बिघडलं कुठे? निहाराला काही केल्या उमगेना.

तेवढ्यात यमूआत्या आली. ती ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारी). तिनं क्षणभर ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! माझ्या अल्बमची कोशिंबीर कुणी केली?"

"मी," खटपट्या अभिमानानं म्हणाला. "एकच गोष्ट परत परत सांगणं म्हणजे वीज वाया."

आत्या हसली. तिनं रिकामी बादली पालथी घातली. ठक… ठक… ठक… आणि एकदम हात हवेतच थांबवला.

"वाजव ना!" निहारा ओरडली.

"काय वाजवू?"

"पुढचा ठक!"

"तो येणार हे तुला कुणी सांगितलं?"

निहारा गोंधळली. खरंच, कुणी सांगितलं?

"तुझ्या मेंदूनं," आत्या म्हणाली. "मेंदू म्हणजे दारावरचा गुरखा. नवा आवाज आला की 'कोण आहे?' म्हणून दचकून उठतो. तोच आवाज परत परत आला, अंदाज खरा ठरला, की म्हणतो, 'आपलाच माणूस आहे,' आणि टेकून बसतो. ठोका संथ असला, तर श्वासही हळूहळू त्याच्या मागे जातो. याला म्हणतात लयजुळणी (एका लयीमागे दुसरी लय आपोआप येणं)."

"मग नुसती बादलीच बडवू की!"

"बडव. थोड्या वेळानं कंटाळशील. म्हणून अल्बममध्ये मधूनच एखादा सूर जरासा बदलतो. गुरख्याला उठवत नाही, नुसती गुदगुली करतो."

"आणि रंभा?"

"तिचा गुरखा कालपासून उभाच आहे गं! घाबरलेल्या जनावराच्या अंगात एक संप्रेरक (शरीरातला निरोप पोचवणारा रस) सुटतं, आणि ते पान्हा अडवतं."

निहारानं खटपट्याकडे पाहिलं. "जुना अल्बम लाव. पटकन!"

"केर मी जाळला," खटपट्या पुटपुटला. "प्रत्येक आवाजाचा एकेक तुकडा तेवढा ठेवलाय."

"मग ते तुकडेच वाजव. परत परत."

"परत? तेच?"

"तेच!"

निहारा रंभेच्या पोटाला टेकून बसली. बदल कधी करायचा, ते ती सांगणार होती. ठोका आला. पुन्हा आला. रंभेचं पोट भराभर हलत होतं. निहारानं मुद्दाम सावकाश श्वास घेतला. ठोका. धूसर सूर. तिला कंटाळा येऊ लागला, तसं तिनं बोट हलवलं. खटपट्यानं सूर किंचित चढवला. रंभेचा एक कान खाली आला. मग दुसरा. ती रवंथ करू लागली.

आणि धार आली! चंद्रावरचं दूध ते, आरामात खाली येतं. पांढरी दोरी कुणीतरी सावकाश सोडावी, तसं बादलीत उतरत राहिलं.

"यानवाल्यांना सांग, रिकामेच जा म्हणावं!" निहारा हळूच म्हणाली.

"उद्या माणसं मंगळाला निघतील," आत्या म्हणाली. "महिनोन्‌महिने डबाबंद. त्यांच्या गुरख्यांनाही कुणीतरी बसवायला हवं. ते संगीत तू करशील?"

"काही न घडणारं?" निहारा गालात हसली. "करेन की!"

खटपट्याला अजून नीट कळलं नव्हतं. तरी त्यानं तोच ठोका पुन्हा वाजवला, आणि चारही हात स्थिर ठेवून पुढच्याची वाट बघू लागला.