पोत की पोतं

"पाव मीटर खादी, पाव मीटर मखमल, पाव मीटर मांजरपाट…"

शिवकन्येनं कात्री खाली ठेवली. "पाव मीटरात शिवता काय? बाहुलीची चोळी?"

"शिवायचं न्हाई. शिकवायचंय… यंत्राला."

ती खळखळून हसली, आणि तिथंच घात झाला.

दोन हजार सालची गोष्ट. बीडात भीमाशंकरअप्पांचं कापडाचं दुकान. त्यांची ही थोरली लेक डोळे मिटून, नुसतं चिमटीत धरून कापड सांगायची. आणि हा अंगद, उमापूरच्या धनगराचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जुन्या प्रिंटरच्या मोटरी जोडून त्यानं एक यंत्र केलं होतं. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपी बोटात घालायची, कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या कापडावर फिरवल्यासारखं बोट हवेत फिरवायचं, की हाताखाली काही नसताना कापड लागायचं! पण ते खरं लागतं का, हे सांगायला जाणतं बोट हवं होतं.

"ते माझंच कावून?"

"साऱ्या बीडात असं बोट न्हाई."

"बोटच पाहिजे ना? मग बाकीची मी दुकानात ठिवून येते!"

बिचारा कानापर्यंत लाल झाला.

मग दर शनिवारी, धाकट्या बहिणीला सोबत घेऊन ती कॉलेजात जायची. मलमल, टेरिकॉट, खण… डोळे मिटून ती ओळखायची, एकदा म्हणून चुकली नाही. टोपी चढवताना तो आपलं बोट तिला लागू द्यायचा नाही. तिला वाटायचं, मेल्या, लागू दे की एकदा!

एकदा तो सहज बोलून गेला, "आईनं लोकर कातून केलेली एक घोंगडी हाय घरी. नव्या सुनेला तिच्यावरच बसवायची म्हणते. कोपऱ्याला गाठ हाय तिच्या."

दिवाळीनंतर लातूरच्या कापडवाल्यांकडे तिची सुपारी फुटली. मागं दोन बहिणी. थोरलीनं जातीबाहेर पाऊल टाकलं तर त्यांना कोण विचारणार?

त्या शनिवारी अंगद म्हणाला, "आज एकच. वहीत नाव लिहिलेलं न्हाई."

तिनं टोपी चढवली, डोळे मिटले. खरखरीत… जाड… केस टोचतायत. आणि कोपऱ्याला गाठ. अगं बाई! बहीण दाराशीच उभी होती.

"पोत… कसा लागतो?" त्यानं विचारलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर सगळं सांगून बसली असती.

"पोत कुठला? पोतं हाय. गोणपाटाचं."

"नीट बघा, शिवकन्या."

"पोतंच हाय म्हणते ना!"

त्यानं वहीत लिहिलं… 'चूक'. पहिलीच. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, "बोट कुठं कुठं गेलं ते यंत्र लिहून ठिवतं. गाठीवर तुमी सातदा फिरून आलात."

शिवकन्येनं टोपी काढून टेबलावर ठेवली. बोट अजून चुरचुरत होतं.

"तेवढं… पुसू नका," ती म्हणाली, आणि बहिणीचा हात धरून रडतच जिना उतरली.